माळढोकाची पट्टी

सन सेहेचाळीसच्या भादव्यात त्या माळावर माळढोक चार उरले होते आणि राज्यं होती दोन. एका राज्याच्या वाट्याला दोन पाखरं, असा हिशेब कुणी मांडला असता. पण पाखरं त्या हिशेबानं वागत नव्हती. सकाळी ती तरसवाडीच्या रानात नाकतोडे टिपायची आणि उन्हं चढली की बोरमाळच्या बाभळींच्या सावलीला जायची. तरसवाडी संस्थानात. सांगलीच्या पूर्वेला तेव्हा लहानमोठी संस्थानं एकमेकांना खेटून होती, त्यातलंच हे एक. इतकं लहान, की राजेसाहेबांच्या मोटारीचा ब्रेक उशिरा लागला तर गाडी परमुलखात जाऊन उभी राहायची. बोरमाळ मात्र इंग्रजी अमलात, तालुका तासगाव, जिल्हा सातारा.

दोन गावांच्या मधे साठेक एकरांची पट्टी होती. खडक, कुसळ आणि वारा, एवढंच तिचं उत्पन्न. तरी तिच्यापायी तीन पिढ्या भांडत आल्या होत्या. बोरमाळकर म्हणत, आमची शीव पूर्वेच्या ओढ्यापर्यंत. तरसवाडीकर म्हणत, आमची शीव पश्चिमेच्या तीन पिंपरणींच्या झाडांपर्यंत. शिवेचा दगड होता, पण तो दोन्ही गावांनी इतक्या वेळा इकडंतिकडं नेला, की एका नेण्यात त्याचे दोन तुकडे झाले. मग दोघांनी एकेक तुकडा आपापल्या सोयीनं पुरला आणि भांडण अधिकच पक्कं झालं.

तरसवाडीचा पाटील भाऊसो. अंगानं काटकुळा, बोलायला कमी, आणि एकदा मान हलवली की ती परत फिरवायला तयार नसलेला. त्याच्या बापानं मरताना दोन गोष्टी सांगितल्या होत्या: कपिली गाय विकू नको आणि पट्टी सोडू नको. गाय त्याच वर्षी मेली, त्यामुळं भाऊसोकडं पाळायला एकच वचन शिल्लक राहिलं आणि तो ते दोन वचनांच्या जोरानं पाळत होता.

बोरमाळचा पाटील सयाजी, मिशा मोठ्या आणि संशय त्याहून मोठा. पहिल्या लढाईत तो बसऱ्याला जाऊन आला होता. फौजेत त्यानं एक गोष्ट शिकून घेतली होती: जे फुकट मिळतंय म्हणून सही करावी, ते शेवटी आपल्याच पाठीवर लादून चालवतात. हा सयाजी भाऊसोचा सख्खा मेहुणा. भांडण मिटावं म्हणूनच भाऊसोची थोरली बहीण बनुबाई बोरमाळात दिली होती. भांडण मिटलं नाही, उलट त्याला घरातली माणसं मिळाली. अकरा वर्षांपूर्वी पट्टीत चरणारी गुरं कोंडण्यावरून दोघांचं बोलणं तुटलं, तेव्हापासून बनुबाई दीड मैलावरच्या माहेरी गेली नव्हती.

दोन्ही गावं एकत्र यायची ती फक्त दसऱ्याला. सीमोल्लंघन करायचं तर शीव ओलांडायला हवी, आणि शीव म्हणजे ही पट्टी. बोरमाळकर पश्चिमेकडून चढायचे, तरसवाडीकर पूर्वेकडून. आपापल्यात आपट्याचं सोनं वाटायचे, समोरच्यांकडं बघून खाकरायचे आणि माळढोक मोजायचे. ज्यांच्या अंगाला पाखरं जास्त दिसतील त्यांना वर्ष चांगलं, अशी समजूत. भाऊसोच्या बापाच्या वेळी बावीस. एकोणचाळीसला अकरा. गेल्या दसऱ्याला पाच. वर्ष चांगलं जाणार असं दोन्ही गावं दरवेळी म्हणत आली, आणि आकडा मात्र उतरत गेला. ह्या दोन गोष्टी शेजारी मांडून बघायची तसदी कुणी घेतली नव्हती.

एकानं घेतली होती. तरसवाडीचा गाडीवान चांदसाहेब.

माळढोक हे शहाणं पाखरू. पायी माणूस अर्ध्या मैलावर दिसला की उडतं. घोडा ओळखतं, मोटार तर आवाजानंच ओळखतं. भीत नाही ते फक्त बैलगाडीला, कारण गाडी रोजची. म्हणून ह्या मुलखात माळढोकाची शिकार गाडीतून करायची पद्धत होती. शिकाऱ्यानं कडब्यात दडून बसायचं आणि गाडीवानानं पाखराकडं न बघता, गाणं गुणगुणत, त्याच्याभोवती मोठ्या फेऱ्या मारायच्या. फेरी हळूहळू लहान करत आणायची. पाखरू मान वर करून गाडी बघतं, ओळखीची म्हणून पुन्हा चरायला लागतं. मग कडब्यातून बार होतो.

चाळीस साली राजेसाहेबांच्या पाहुण्यांसाठी चांदसाहेबानं अशा फेऱ्या मारल्या. एका दुपारी तीन पाखरं पडली. तिसरा नर होता, गळ्यापाशी पांढरा, माणसाच्या कमरेएवढा उंच. तो पडायच्या आधी चांदसाहेबाच्या बैलाकडं बघत उभा होता. त्या दिवसापासून चांदसाहेब पट्टीतून जाताना गुणगुणायचा नाही. लोक म्हणाले, म्हातारा झाला. तो तेव्हा अडतीस वर्षांचा होता.

भादव्यात संस्थानचा हुकूम आला. उत्तरेकडचे कुणी पाहुणे आले आहेत, त्यांना माळढोक पाहिजे. हंगाम नव्हता, पण पाहुण्यांना आठ दिवसांनी परत जायचं होतं आणि पाखरांना कुठं जायचं नव्हतं. शिकारखात्याचे कारभारी नाथाजीराव गुरुवारी येतील, चांदसाहेबानं गाडी जुंपून तयार राहावं. नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हणणाऱ्याची गाडी सरकारजमा व्हायची आणि त्यामागोमाग तो स्वतः.

चांदसाहेब भाऊसोकडं आला. उंबऱ्याशी बसून त्यानं आधी पावसाचं काढलं, मग बैलाच्या खुराचं, आणि भाऊसोनं चहा मागवल्यावर मूळ गोष्टीला हात घातला. पट्टीत तीन पिंपरणींच्या अलीकडं मादी अंड्यावर बसली आहे. अंडं एकच असतं. नर एकच उरलाय. तो पडला की पुढच्या दसऱ्याला मोजायला येण्याची गरज नाही.

भाऊसो म्हणाला, मी काय करू, हुकूम माझ्या वरचा आहे.

मग चांदसाहेबानं रात्रभर मनात घोळवलेलं बोलून दाखवलं. संस्थानची बंदूक संस्थानात चालते. सातारा जिल्ह्यात बेचाळीसच्या चळवळीपासून बंदुकीच्या नावानं पोलिसांचं डोकं फिरलेलं, कलेक्टरच्या परवान्याशिवाय परमुलखाची बंदूक तिथं दिसली तर राजेसाहेबांना थेट वरून पत्र येईल. म्हणजे पट्टी जर साताऱ्याची ठरली, तर नाथाजीराव तिच्यात पाऊल टाकणार नाहीत.

“आवं पाटील,” चांदसाहेब म्हणाला, “तुमी फकस्त लिवून द्या, का पट्टी बोरमाळची हाय.”

भाऊसोनं चहाची बशी खाली ठेवली. त्या घरात आजवर हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. शेजारच्या खोलीत पत्र्याच्या पेटीत आजापासूनचे कागद होते, पट्टी आमची म्हणणारे, तीन अर्ज आणि दोन नकाशे; पैकी एक नकाशा भाऊसोच्या बापानं स्वतःच काढला होता आणि त्यात बोरमाळ गाव दाखवायचंच विसरला होता.

दोन दिवस भाऊसो पट्टीकडं गेला नाही. तिसऱ्या दिवशी गेला, चांदसाहेबाच्या गाडीत बसून. गाडी पन्नास पावलांवरून गेली तरी मादी हलली नाही. नुसती मान उंचावून तिनं गाडी बघितली आणि पुन्हा गवतात मान घातली. भाऊसोनं विचारलं, ही गाडीला एवढ्या जवळ कशी येऊ देते. चांदसाहेब म्हणाला, माझी गाडी वळखती ती. तेच तर वाईट हाय.

परतल्यावर भाऊसोनं कुलकर्ण्याकडून कागद लिहून घेतला: सदर पट्टी पूर्वापार बोरमाळची, तरसवाडीचा तिच्यावर हक्क नाही. सही करताना त्यानं दौतीत टाक तीन वेळा बुडवला. एक नक्कल नाथाजीरावांकडं गेली. दुसरी चांदसाहेब बोरमाळला घेऊन गेला, कारण सयाजीनं नुसतं होय म्हटलं की काम पक्कं होणार होतं.

सयाजीनं कागद वाचला, उलटा करून मागची बाजू बघितली, उन्हात धरून आरपार बघितला. मग चांदसाहेबाला बसायला घोंगडं दिलं आणि विचारलं, ह्यात काय भानगड आहे.

चांदसाहेबानं खरं ते सांगितलं. पाहुणे, शिकार, अंडं, शेवटचा नर. सयाजी शांतपणे ऐकत होता, आणि जसजसं खरं पुढं सरकलं तसतसा त्याचा विश्वास उडत गेला.

“पाखरासाठी भाऊसो पट्टी सोडतोय,” तो म्हणाला. “चांदसाब, हे सांगायला तुला दुसरं कुणी गावलं न्हाई व्हय रं?”

चांदसाहेब गेल्यावर सयाजीनं आपली मोजणी केली. तीन पिढ्या जी पट्टी भांडून मिळाली नाही, ती घरपोच आली. का? दंड लागणार असेल, पण दंडाला भाऊसो भिणारा नव्हे. पट्टीत मुडदा सापडला असेल, पण मग गिधाडं दिसली असती. उरलं एकच. गेल्या चार वर्षांत सातारा जिल्ह्यात पोलीस जमिनी उकरत फिरत होते. कुणाच्या परसात बंदूक निघाली, कुणाच्या गोठ्यात तारा कापायची कात्री. भाऊसोच्या गावातल्या कुणीतरी पट्टीत काहीतरी पुरलंय, आणि आता झडतीचा वास लागल्यावर पट्टी बोरमाळच्या गळ्यात घालतायत. म्हणजे सापडलं की पाटील म्हणून आत कोण जाणार, तर सयाजी.

हे सुचल्यावर सयाजीला भाऊसोच्या अकलेचं कौतुकही वाटलं. त्यानं लगेच तलाठ्याला बोलावलं आणि थेट नाथाजीरावांच्या नावानं लिहून दिलं: पट्टी बोरमाळची नव्हे, कधीही नव्हती, ती तरसवाडीचीच, त्यात जे काही असेल नसेल त्याला आम्ही जबाबदार नाही.

बनुबाई आतून ऐकत होती. तिनं भाकरी थापता थापता एवढंच विचारलं, की माझा भाऊ खोटं कधी बोलला, ते एकदा सांगा. सयाजीनं आठवून बघितलं. भाऊसो हट्टी होता, आडमुठा होता, अकरा वर्षांत त्यानं बहिणीला साधा निरोप धाडला नव्हता. खोटं बोलल्याचं मात्र आठवेना. पण कागद घेऊन माणूस निघून गेला होता.

गुरुवारी सकाळी नाथाजीराव जीपमधून आले. मागच्या बाकावर पाहुणे, मांडीवर बंदूक, डोक्यावर नवीकोरी टोपी. चांदसाहेब गाडी जुंपून उभा होता. कडबा भरलेला, बैल धुतलेले, तोंड मात्र आजाऱ्यासारखं. भाऊसो पुढं होऊन सांगू लागला, की साहेब, कागद पाठवला होता, पट्टी बोरमाळची आहे, तिथं आपली बंदूक चालायची नाही.

नाथाजीराव हसले. त्यांनी खिशातून दुसरा कागद काढून भाऊसोच्या हातात दिला.

“वाचा पाटील. बोरमाळचाच पाटील लिहून देतोय, पट्टी तुमची. सही-शिक्क्यानिशी. तुमच्या वाडवडलांना जे जमलं नाही ते आज घरबसल्या झालं. तुमचा तो कागद आपण फाडू. तुम्ही नुसतं हो म्हणा.”

भाऊसोनं कागद वाचला. सही सयाजीचीच. शिक्का बोरमाळचा. कधीही नव्हती, असं त्यात लिहिलेलं. पेटीतल्या पाच कागदांनी जे मागितलं होतं ते ह्या एका कागदात होतं, आणि त्याच्या बापाला ते बघायला मिळालं नव्हतं. समोर बैलांची तोंडं, त्यापलीकडं पिंपरणी, आणि पिंपरणींच्या अलीकडं कुठंतरी ती मान.

चांदसाहेब त्याच्याकडं बघत नव्हता. तो बैलाच्या कानामागं खाजवत होता.

“न्हाई साहेब,” भाऊसो म्हणाला. “पट्टी त्यांचीच हाय.”

“अहो, ते नाही म्हणतायत.”

“त्ये खोटं बोलत्यात.”

नाथाजीरावांचं हसू थांबलं. पंचवीस वर्षं त्यांनी शिवेचे तंटे बघितले होते. दोन्हीकडचे पाटील जमीन ओढतात, हे त्यांना ठाऊक होतं. दोन्हीकडचे पाटील जमीन ढकलतायत, हे त्यांनी पहिल्यांदा बघितलं. त्यांनी सयाजीचा कागद परत घेऊन पुन्हा वाचला: त्यात जे काही असेल नसेल त्याला आम्ही जबाबदार नाही. काय असेल? जो विचार सयाजीला दुपारभर बसून सुचला होता, तो नाथाजीरावांना उभ्याउभ्या सुचला. पट्टीत काहीतरी पुरलंय. आणि आपण परमुलखाचे पाहुणे, भरलेली बंदूक आणि संस्थानचा बिल्ला घेऊन त्याच्यावर जाऊन उभे राहणार.

त्यांनी कागद घाईनं भाऊसोच्या हातात कोंबला, जसा निखारा परत करावा. पाहुण्यांना सांगितलं, की ह्या माळावर ह्या दिवसांत पाखरं नसतात. तेवढ्यात पिंपरणींकडून नर घुमला, खोल, घागरीत तोंड घालून कुणी हाक द्यावी तसा. पाहुण्यांनी विचारलं, हे काय. नाथाजीराव म्हणाले, बैल. जीप वळली.

चांदसाहेबानं गाडी सोडली आणि कडबा भाऊसोच्या गोठ्यात नेऊन टाकला. संध्याकाळी चांदसाहेबाची बायको जरिना खिरीचं भांडं घेऊन पाटलाच्या दारात आली आणि कशाबद्दल ते न सांगता गेली.

ही हकीकत बोरमाळला पोचायला बाजाराचा एक दिवस पुरला. सयाजीनं दोनदा विचारून घेतलं: माझा कागद त्याच्या हातात होता? होता. आणि तो नाही म्हणाला? नाही म्हणाला. सयाजीनं पटका काढून मांडीवर ठेवला आणि बराच वेळ डोकं खाजवलं. बनुबाईनं ताटात वाढताना त्या दिवशी त्याला काही ऐकवलं नाही. ते त्याला जास्त लागलं.

दसरा आला. दोन्ही गावं वाजतगाजत निघाली ती पट्टीच्या कडेला अडली. चांदसाहेब मधल्या वाटेवर गाडी आडवी लावून बसला होता. आवाज कुणी करायचा नाही, त्यानं सांगितलं, आणि पट्टीत पाय टाकायचा नाही. मादी पिलाला घेऊन हिंडत होती. पिलू कोंबडीएवढंही नव्हतं आणि कुसळात दिसलं तर दिसायचं. हलगीवाल्यांनी हलग्या काखेत धरल्या. शीव ओलांडल्याशिवाय सोनं वाटायचं कसं, हा प्रश्न पडला, तेव्हा सयाजी उठला आणि पट्टीला वळसा घालून, ओढ्याच्या काठानं, पाऊण मैल चालत तरसवाडीच्या बाजूला आला. त्याच्या मागं बनुबाई होती. तिनं भावाच्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि पदर डोळ्याला लावला. मग लगेच विचारलं, की घरात चूल कोण बघतंय, धूर सगळा इकडंच येतोय.

भाऊसोनं सयाजीला पानं दिली. “घ्या दाजी.” मग खिशातून तो कागद काढला. “आनि ह्यो बी घ्या. तुमचा हाय.”

सयाजीनं कागदाकडं बघितलं. हात पुढं केला नाही.

“राहू द्या पाव्हणं. लागंल कवातरी.”

मग तो माळाकडं वळून मोजू लागला. चार मोठे, एक लहान. दोन्ही गावांनी त्या वर्षी एकच आकडा धरला.

कागद माघात लागला. साताऱ्याहून परवाना घेऊन एक गोरा साहेब बोरमाळला उतरला, बरोबर दोन बंदुका आणि एक कुत्रं. सयाजीनं त्याला सलाम ठोकला आणि मोठ्या दुःखानं सांगितलं, की पट्टी संस्थानची आहे, दरबारची परवानगी लागेल. साहेबाला पुरावा हवा होता. माणूस तरसवाडीला धावला आणि सयाजीचा कागद घेऊन आला. साहेब तित्तर मारून गेला आणि कागद सयाजीकडंच राहिला.

पुढं दोन वर्षांत राज्यंच गेली. आधी गोऱ्यांचं, मग संस्थानं विलीन झाली, आणि दोन्ही गावं एकाच जिल्ह्यात येऊन पडली. मोजणीचा अंमलदार साखळी घेऊन आला आणि म्हणाला, कागद दाखवा, ज्याचा कागद त्याची पट्टी. भाऊसोनं पत्र्याची पेटी उघडली नाही. त्यानं आपला नाकारल्याचा कागद दिला, सयाजीनं आपला. अंमलदारानं दोन्ही वाचले, दोघांच्या तोंडाकडं बघितलं आणि सामाईक गायरान असं लिहून मोकळा झाला. जाताना सयाजीला बाजूला घेऊन विचारलं, त्यात काही पुरलंय का. सयाजी म्हणाला, असंल.

पण भाऊसोच्या घरी माहेरपणाला आलेल्या बनुबाईनं खरी अडचण बरोबर बोलून दाखवली. आता शीव नाही, मग पलीकडं म्हणून कुठं सांगणार? एका सहीचा परवाना सगळीकडं चालेल.

ह्याचं उत्तर एकोणपन्नासच्या श्रावणात निघालं. सांगलीहून मंडळी आली, परवाना पक्का, नकाशा नवा. त्यांना हवी होती फक्त एक बैलगाडी. तरसवाडीत त्यांनी चांदसाहेबाला विचारलं. त्याच्या गाडीचा आख मोडला होता. शेजाऱ्याच्याही मोडला होता. ती मंडळी बोरमाळला गेली. दोन्ही गावांत मिळून एकोणीस गाड्या होत्या, आणि त्या सकाळी एकोणीसच्या एकोणीस दारात एका चाकावर कलंडून पडल्या होत्या. सयाजी पाटलानं मोठ्या दुःखानं सांगितलं, की यंदा लाकूड लय वाईट निघालं.

मंडळी पायी निघाली. अर्ध्या मैलावरून सात माळढोक उडाले.